मुका भोवरा

१

दीपमाला ओव्हाळने पाठीमागचं बटण दाबलं आणि मशिन बोललं नाही.

एरवी बटण दाबलं की ते आधी जाडसर ‘टूंऽ’ करायचं आणि लगोलग बारीक ‘टिंग’. केजच्या शाळेतल्या कोपऱ्यातल्या खोलीतून हा आवाज आला की व्हरांडा झाडणाऱ्या गहिनीनाथ शिपायाला न बघताच कळायचं, ताई आल्या. आज सकाळी साडेनऊ वाजता पडदा उजळला, काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली, पण आवाज नाही. तिने बंद करून पुन्हा लावलं. अक्षरं आली, आवाज नाही.

तिने फ्लॉपी घातली. ‘भोवरा’ सुरू झाला. रंगांच्या कड्या गरगरत पुढे आल्या, मराठी अक्षरं लाटेसारखी वरखाली होत सरकू लागली. सगळं जिथल्या तिथे, पण मुकं.

ते मशिन म्हणजे बीबीसी मायक्रो. १९८५ साली सरकारी योजनेतून शाळेला असे चार कॉम्प्युटर मिळाले होते, त्यातला जिवंत राहिलेला हा एकच. त्याची सगळी मेमरी बत्तीस के.बी. मोबाईलवर रोज सकाळी येणाऱ्या फुलांच्या एका फोटोलाही ती पुरत नाही. तेवढ्यात रंग, अक्षरं, संगीत दाटीवाटीने बसवून मशिनकडून त्याच्या ताकदीबाहेरचं काम करून घ्यायचं, याला डेमो म्हणतात; ‘भोवरा’ असाच एक. तो खेळता येत नाही, त्यातून कुठलं बिल छापून निघत नाही. तो नुसता बघायचा, आणि आतलं ज्याला कळतं त्याने तोंडात बोट घालायचं. जगात असे वेडे हजारोंनी आहेत. केजमध्ये तीन होते.

पहिली दीपमाला. पंचावन्न वर्षांची. नववीत असताना या मशिनपुढे मुलींना आठवड्यातून पाच मिनिटं मिळत, तेव्हापासूनची. पुढे टेलिफोन खात्यात लाईनचे फॉल्ट शोधण्यात तिची सगळी नोकरी सरली आणि नोकरीत असतानाच तिने ही मशिनं अडगळीतून उपसून काढली. दुसरा अजिनाथ तांदळे, बसस्टँडजवळ मोबाईल दुरुस्तीचं दुकान, बारा वर्षं तिच्या जोडीला; ‘भोवरा’चं संगीत त्याचं. तिसरी चैताली शिनगारे, बावीस वर्षांची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. चित्रं आणि ती नाचणारी अक्षरं तिची.

आज चार वाजता शाळेची समिती बसणार होती. सचिव युवराजराव यांना ही खोली नव्या वर्गासाठी हवी होती. त्यांच्या पत्रात लिहिलेलं होतं: ‘मशिन पूर्णपणे चालू स्थितीत असल्याचे समितीपुढे सिद्ध झाल्यास खोली कायम ठेवण्यात येईल.’ नाही झालं, तर उद्या भंगारवाल्याचा टेम्पो. शिवाय चैतालीने सोमवारी एक उद्योग करून ठेवला होता. चार वाजताचा डेमो इंटरनेटवरून थेट दाखवणार म्हणून तिने जाहीर केलं होतं आणि परदेशातले साठ-सत्तर जण बघायला येतो म्हणाले होते.

दीपमालाने चारही स्क्रू काढून झाकण उचललं. आत सोळा छिद्रांचं एक सॉकेट रिकामं होतं. आवाजाची आयसी, म्हणजे आवाज काढणारी चिप, कुणीतरी उपटून नेली होती.

२

तिने बॅटरी लावून बारकाईने पाहिलं. शेजारच्या एकाही आयसीवरची धूळ हललेली नव्हती. सॉकेटच्या दोन्ही टोकांना पातळ पात्याने आळीपाळीने उचलल्याच्या खुणा होत्या. चोराला हवी ती वस्तू कुठे आहे हे पाठ होतं, आणि त्याचा हात हलका होता. बाकीच्या तीन मशिनांतून दुसरी काढावी तर दोन मशिनांच्या आयसी कधीच जळलेल्या, आणि तिसऱ्याचीच तर इथे घातली होती.

तिने गहिनीनाथला हाक मारली. सत्तरीचा म्हातारा, निवृत्त होऊनही शाळा न सोडलेला. हातातली बादली खाली ठेवून तो दारात उभा राहिला.

“मामा, काल आमी पाचला कुलूप लावून गेलो. त्याच्यानंतर खोलीत कोण कोण आलतं?”

“तिघं,” गहिनीनाथ म्हणाला. “साडेपाचला सचिवसाहेब. त्यांच्यापाशी त्यांची किल्ली हाय. एक मिस्त्री संगं होता, टेप लावून भिंती मोजल्या आन् गेले. मग सहाला अजिनाथ आला. माझ्याकडून किल्ली घेतली, ईस मिनिटं असंल आत. मग साडेसहाला चैताली पोरगी. वही इसरली म्हणाली. दोन मिनिटांत भाईर.”

“आणि मी सोडून मशिन कुणी लावलं?”

“अजिनाथनं. मी भाईर झाडतच होतो की. टूं-टिंग वाजलं. सोताच्या कानानं ऐकलं.”

दीपमालाच्या मनात लगेच तारेचा हिशेब सुरू झाला. लाईन मुकी झाली की फॉल्टवाला मधोमध जातो आणि तिथे ऐकतो. मधोमध आवाज आला, तर अलीकडचा निम्मा भाग निर्दोष, फॉल्ट पलीकडे. काल सहा वाजता आवाज होता. म्हणजे आयसी जागेवर होती. म्हणजे साडेपाचला येऊन गेलेले सचिव सुटले. आणि चोरायला आलेला माणूस आधी मशिन वाजवून जगाला ऐकवत नाही, म्हणजे अजिनाथही सुटला.

तरी ती ऑफिसात गेलीच. युवराजराव खुर्चीत बसून सह्या करत होते.

“आयसी चोरीला गेलीय म्हणता? ओव्हाळबाई, मला त्या डब्यातली एक गोळी काढून काय करायचंय? मला खोली पाहिजे. सरळ पाहिजे, पत्र देऊन पाहिजे.” मग पेन टेबलावर ठेवून ते म्हणाले, “मात्र एक आहे. आवाज नसेल तर ते ‘पूर्णपणे चालू’ होत नाही. हे मी समितीत मांडणार.”

“मांडा,” दीपमाला म्हणाली. “चार वाजता आवाज असंल.”

हे ती कशाच्या भरवशावर म्हणाली, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. ती व्हरांड्यात आली, पण लगेच खोलीकडे वळली नाही. कारण सचिव आणि अजिनाथ सुटले की उरलं एकच नाव, आणि ते तिला घ्यायचं नव्हतं.

३

दहा वाजता अजिनाथ आणि चैताली दोघंही आले. उघडं मशिन बघून चैताली मटकन खुर्चीत बसली. अजिनाथ उभाच राहिला, खिशात हात घालून.

“काल सहाला मी सोता लावून बघितलं, ताई,” तो म्हणाला. “टूं-टिंग वाजलं. पडद्यावर सगळं बराबर होतं. सचिवाचीच करामत हाय ही. त्याच्यापाशी किल्ली हाय, रात्री आला असंल परत.”

“रात्री गेटला कुलूप होतं आणि ती किल्ली मामांच्या उशाखाली. तू गेल्यावर आत आली ती एकटी चैताली.”

अजिनाथचा चेहरा खर्रकन उतरला. “ही? ही कावून आलती?”

“वही राहिलती माझी,” चैताली म्हणाली. मग तिला बोलण्याचा रोख कळला आणि ती ताडकन उठली. “ताई, तुमी माझ्यावर आळ घेताव? मोबाईलच्या उजेडात वही शोधली, घेतली आन् निघाले. दोन मिनिटं. हे स्क्रू काढायलाच पाच लागतात!”

तिने खांद्यावरची बॅग टेबलावर उलटी केली. वही, डबा, एस.टी.चा पास, तुटका कंगवा. “बघा. घरी पण चला. आई-बाप कड्याच्या कारखान्याला ऊसतोडीवर गेलेत, घरात मी एकटीच हाय. समदं घर उचकून बघा.”

“चैताली, बस खाली.”

“न्हाई बसत. तोडीवाल्याची पोरगी हाय म्हणून कुठं काही हरवलं की आधी माझी बॅग. शाळेत असताना पण तसंच. चोर म्हणायचं तर म्हणा. पण चार वाजता मी हितंच बसणार. अक्षरं माझी हायेत त्याच्यातली, कुणाच्या बापाला भिऊन मी उठणार न्हाई.”

दीपमालाला ते शब्द लागले. तिच्या वस्तीतल्या मुलींनाही याच शाळेत मशिनपुढे सगळ्यांत शेवटी बसवत, आणि बटण तुटलं की सर आधी त्यांच्याकडे बघत. ती काही बोलणार तेवढ्यात अजिनाथ मध्ये पडला.

“कशाला भांडता? पोरीनं न्हाई घेतली, मी सांगतो. चार वाजता आवाजाशिवाय दाखवू. समितीला काय कळतंय त्यातलं? आन् ते इंटरनेटचं राहू द्या. जगाला कशाला दाखवायचं?”

“ती न्हाई, हे तू कशावरून सांगतोस?” दीपमालाने विचारलं.

अजिनाथने खांदे उडवले. दुकानात गिऱ्हाईक थांबलंय म्हणाला आणि निघून गेला.

त्याच्या पाठोपाठ चैताली वही छातीशी धरून बाहेर पायरीवर जाऊन बसली. ना गेली, ना आत आली.

४

घशाला कोरड पडली म्हणून दीपमाला व्हरांड्यातल्या रांजणाकडे गेली. गहिनीनाथ हातपंपावरून बादल्या आणून त्यात ओतत होता. ही तिसरी बादली. म्हातारा धापा टाकत होता.

“मामा, मोटर लावून टाकीतून भरायचं सोडून ही हमाली कावून?”

“टाकी रिकामी. काल सांजच्याला भरायची होती, तर लाईटच न्हवती. आता सकाळपासून मोटर खालून हवाच वढतीया.”

दीपमालाने तांब्या तोंडाला लावला होता. तो तिथेच राहिला.

“लाईट कधी गेलती मामा?”

“तुमी लोक गेल्याबरूबर. सचिवसाहेबांनी बी मोबाईलच्या उजेडातच भिंती मोजल्या की.”

तिच्या गल्लीत काल संध्याकाळी लाईट होती. गल्ली गावाच्या दुसऱ्या टोकाला, तार वेगळी. तिने नोकरीपासून ओळखीचा असलेला वीज कंपनीतला वायरमन हनुमान याला फोन लावला.

“शाळेकडची लाईन ना, ताई? सव्वापाचला खांबावरच्या तारेचा जंपर तुटलता. आठला जोडला मी. कावून, काय झालं?”

“काही न्हाई रे. फॉल्ट सापडला.”

ती तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. सव्वापाच ते आठ शाळेत वीज नव्हती. खोलीत इन्व्हर्टर नाही, यूपीएस कधीचाच मेलेला. चैतालीने मोबाईलच्या उजेडात वही शोधली, कारण ट्यूब लागतच नव्हती. आणि सहा वाजता, त्या अंधारात, बीबीसी मायक्रो टूं-टिंग वाजलं.

विजेशिवाय ते वाजणं शक्य नव्हतं. मग वाजलं काय? हल्लीच्या लॅपटॉपवर जुन्या मशिनची हुबेहूब नक्कल चालवता येते. तोच पडदा, तीच अक्षरं, सुरुवातीचा तोच आवाज. लॅपटॉपला बॅटरी असते. ज्या मधल्या जागी कान लावून तिने निम्मी लाईन निर्दोष ठरवली होती, तिथला आवाजच बनावट होता.

आणि अजिनाथ म्हणाला होता, पडद्यावर सगळं बराबर होतं.

ती पायरीवर चैतालीच्या शेजारी जाऊन बसली. “चुकले मी,” ती म्हणाली. “तुझी बॅग उघडायला लागली, ही माझी चूक. माफी मागते.”

चैतालीने नाकपुड्या फुगवल्या, पण सरकून जागा दिली. मग दीपमालाने तिला विजेचं सांगितलं. ऐकता ऐकता पोरीचे डोळे मोठे झाले.

“अजिनाथदादा? बारा वर्षं झाली त्याला. त्यानं कावून करावं?”

“तेच बघायचंय आता. मशिन बंद पाडायचं असतं तर एक तार कापली असती, काम फत्ते. त्यानं आवाज तेवढा नेला. म्हणजे ‘भोवरा’ दिसला तर चालतंय त्याला. ऐकू यायला नको होता. समितीला तर त्यातलं काही कळत न्हाई. मग कुणी ऐकायला नको होता?”

दोघी एकदमच उठल्या.

५

संगीत म्हणजे मशिनच्या मेमरीत ओळीने ठेवलेले आकडे. किती उंच सूर, किती वेळ. दीपमालाने ते आकडे कधी उघडून पाहिले नव्हते. ज्याचं काम त्याने सांभाळायचं अशी तिघांची रीत होती. तिने ‘भोवरा’ मध्येच थांबवला आणि संगीताचा तुकडा पडद्यावर ओतला, एका बाजूला आकडे, दुसऱ्या बाजूला त्यांची अक्षरं. अक्षरांच्या रकान्यात नुसता कचरा दिसत होता, ठिपके, चौकोन, प्रश्नचिन्हं. शेवटच्या ओळीला तो कचरा थांबला आणि इंग्रजी अक्षरांत एक नाव आलं: ओस्लर ८८.

“हा कोण?” चैताली म्हणाली.

“ज्यानं ही चाल बांधली तो. १९८८ साली, कुठंतरी परदेशात. त्या वेळची पोरं आकड्यांच्या शेपटाला आपली सही ठेवत. ऐकणाऱ्याला दिसायची न्हाई, उचलणाऱ्याला पण दिसायची न्हाई.”

या वेड्यांच्या दुनियेत नियम फारसे नाहीत, पण एक आहे. दुसऱ्याचं आपल्या नावावर खपवायचं नाही. आज चार वाजता साठ-सत्तर जाणते कान ‘भोवरा’ ऐकणार होते. त्यातल्या दोघाचौघांनी पहिल्या दहा सेकंदांत ती चाल ओळखली असती.

अजिनाथच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. दोघींना बघून त्याने हातातला मोबाईल खाली ठेवला.

“अजिनाथ, काल शाळेत सव्वापाचपासून लाईट न्हवती,” दीपमाला म्हणाली. “आणि ओस्लर कोण हे मला ठावं झालंय.”

तो काउंटरमागे वाकला. मग खालच्या खणातून चुन्याची डबी काढून त्याने पुढे सरकवली. आत काळ्या स्पंजमध्ये सोळाही पाय नीट रोवलेली आयसी होती. एक पायही वाकलेला नव्हता.

“मोडवली न्हाई माझ्याच्यानं,” तो म्हणाला. “आधी खरं मशिनच लावणार होतो, मामांना ऐकू जावं म्हणून, आन् मग काढणार होतो. म्हणजे सहाला चालू होतं असं होईल आन् पुढचं सचिवावर जाईल. तर लाईटच न्हवती. थांबलो, आली न्हाई. मग लॅपटॉपवर वाजवलं. चैताली येईल हे मला काय ठाऊक!”

“सकाळी ठाऊक झालतं की,” चैताली म्हणाली. “माझी बॅग टेबलावर उलटी झाली तवा तू समोर हुबा होतास.”

त्याने डबीचं झाकण लावलं. “दोन वर्षं झगडलो त्या संगीतावर,” तो म्हणाला. “जमंना. तुमी दोघी पुढं निघून गेल्या. वाटलं, केजात कोण ओळखणार?”

“केजात काय होतंय न् काय न्हाई, ते राहू दे,” दीपमाला म्हणाली. “चोरी लपवायला एका पोरीला चोर होऊ दिलंस, त्याचं सांग. चाल उचललीस, ते समजू शकते मी. हे न्हाई समजत.”

दीपमालाने डबी उचलली, मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. पावणेबारा.

“चल,” ती त्याला म्हणाली.

“कुठं? मला तोंड दाखवायला जागा न्हाई.”

“तोंड राहू दे. हात पाहिजेत तुझे. चार वाजता आवाज असंल असं मी सचिवाला बोलून बसलेय, आणि ओस्लरचा आवाज आपण वाजवणार न्हाई.”

६

सव्वाचार तासांत नवं संगीत. अजिनाथ म्हणाला, होणार न्हाई. दीपमाला म्हणाली, व्हायलाच पाहिजे. पण कशाचं? तिने शाळेतली प्रार्थना धरून पाहिली, ती गरगरणाऱ्या रंगांपुढे झोपाळू वाटली. अजिनाथने एक सिनेमातली चाल सुचवली आणि दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला.

आयसी परत बसली होती. तिला तीन सूर काढता येत आणि चौथा नुसता खरखराट, पावसासारखा, फेसासारखा. अजिनाथ तो खरखराट कमीजास्त करून बघत होता. खर्र. खप्. खप्.

“थांब,” चैताली म्हणाली. “ते परत कर.”

खप्.

तिने मोबाईल काढला आणि बाहेर जाऊन आईला फोन लावला. केशरबाई कड्याजवळच्या एका उसाच्या फडात होती. आधी तिने उचललाच नाही. तिसऱ्यांदा उचलला.

“काय गं? जेवली का न्हाई?”

“जेवले. आई, कोयता चालू ठेव आन् फोन जवळ धर. बोलू नको.”

“काय येडबिड लागलं का? मुकादम वरडतोय हितं.”

“आई, दोन मिनिटं. माझ्यासाठी.”

थोडी खुसखुस झाली. मग फोनमधून आवाज यायला लागला. बुडाशी एक घाव, खप्. पाचट सोलल्याची सर्र. शेंड्यावर हलकी टिचकी, टक्. मोळीवर ऊस पडल्याचा धप्प. खप्, सर्र, टक्, धप्प. केशरबाईचा हात वीस वर्षांचा मुरलेला, एक ठोका इकडचा तिकडे होत नव्हता. शेजारी दुसरा कोयता चालत होता, अर्ध्या मात्रेने मागे. तो बापाचा.

चैतालीने फोन बंद केला नाही. तसाच धरून आत आणला. “हे,” ती म्हणाली. “मी फडावरच्या कोपीत झोपून लहानाची मोठी हेच ऐकत झाले. हे वाजवा.”

मग कुणी जेवलं नाही. चैताली ठोके मोजून सांगत होती, दीपमाला त्यांचे आकडे करत होती, अजिनाथ ते मशिनमध्ये भरत होता. खप् साठी खरखराट झटकन कापायचा, सर्र साठी हळूहळू विझवायचा. धप्पसाठी सर्वांत खालचा सूर. वरती अजिनाथने चार सुरांची एक ओळ टाकली, साधी, वर चढून खाली न येणारी. चैतालीने ती ऐकली आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, “राहू दे ती. बरी हाय.” साडेतीनला मेमरी भरली. एकवीस बाइट उरले.

“अजून एक राहिलंय,” दीपमाला म्हणाली. तिने अजिनाथपुढे सरकत्या मजकुराची ओळ उघडली. “लिही. तुझ्या हातानं.”

जुना मजकूर खोडून त्याच जागेत नवा बसवायचा होता. अजिनाथची बोटं कीबोर्डवर दोनदा गेली, दोनदा मागे आली. मग त्याने टाइप केलं.

७

समितीचे पाच जण आले. अध्यक्षा वत्सलाबाई पुढच्या बाकावर बसल्या, थकलेल्या, काठी मांडीवर आडवी. युवराजराव उभे राहिले. चैतालीने मोबाईल तिपाईवर लावून मशिनकडे रोखला.

दीपमालाने बटण दाबलं. टूंऽ-टिंग.

युवराजरावांच्या भुवया वर गेल्या. तिने तिकडे पाहिलंही नाही, फ्लॉपी घातली. कड्या गरगरत पुढे आल्या आणि त्यांच्या आतून खप्, सर्र, टक्, धप्प सुरू झालं. पहिले काही ठोके कुणाला उमगलं नाही. मग एका सदस्याचा पाय आपोआप हलायला लागला, आणि वत्सलाबाई पुढे वाकल्या.

“हा कोयता हाय,” त्या म्हणाल्या. “दोन कोयते हायेत.”

लाटेवर अक्षरं सरकत आली: ‘आवाज केशरबाई शिनगारे यांच्या फडातला. आधी इथे ओस्लर यांची चाल होती. ती मी न विचारता घेतली आणि लपवायला चोरी केली. आळ चैतालीवर आला. तिची काही चूक नाही. अजिनाथ तांदळे.’

अजिनाथ भिंतीला टेकून उभा होता, कान लाल, पण गेला नाही. अक्षरं सरकून संपली, पुन्हा पहिल्यापासून आली.

“ठीक आहे,” युवराजराव म्हणाले. “चाललं. पण अध्यक्षाबाई, मूळ प्रश्न तसाच आहे. याचा उपयोग काय? यातून मुलांना नोकरी लागणार का? चाळीस वर्षं जुना डबा...”

“सचिवसाहेब,” दीपमाला म्हणाली, “तुमच्या पत्रात ‘उपयोग’ हा शब्द कुठं हाय ते दाखवा.”

“शब्दात धरू नका, बाई.”

“शब्दातच धरणार. तुमी ‘पूर्णपणे चालू’ लिहिलंत. आमी पूर्णपणे चालू करून दाखवलं. आता इतिवृत्तात तसं लिहा, तुमच्याच अक्षरात. आणि उपयोगाचं म्हणाल, तर नववीत मला ह्याच्यापुढे पाच मिनिटं मिळायची. पुढं चौतीस वर्षं मी ह्या तालुक्यातले फोन बोलते ठेवले. त्या पाच मिनिटांचा उपयोग काय असं तवा पण विचारायचे. मी तवा पण उठले न्हाई.”

युवराजरावांनी अध्यक्षांकडे पाहिलं. वत्सलाबाईंनी काठीने इतिवृत्ताच्या वहीकडे खूण केली.

“लिहा साहेब. मशिन चालू. खोली कायम. आन् ते परत एकदा लावा, मला नीट ऐकायचंय.”

त्यांनी लिहिलं. लिहून झाल्यावर वही जरा जोरातच मिटली आणि म्हणाले, “पुढच्या वर्षी पत्रात सगळे शब्द घालीन.”

“घाला,” दीपमाला म्हणाली. “आमीपण वर्षभर हितंच हाव.”

चैतालीच्या मोबाईलवर ओळींवर ओळी येत होत्या. पोलंडच्या कुणीतरी विचारलं होतं, हा ठोका कुठल्या वाद्याचा? तिने लिहिलं, ऊस तोडायच्या कोयत्याचा, माझ्या आईच्या. मग जरा थांबून तिने आईला फोन लावला आणि बाहेर गेली.

समिती पांगली. गहिनीनाथने खिडक्या लावायला घेतल्या. अजिनाथ अजून भिंतीपाशीच होता.

“मी उद्यापासून येऊ नको ना?” त्याने विचारलं.

“ते चैताली ठरवील. तिला विचार, आणि न्हाई म्हणाली तर न्हाई.” दीपमालाने शेजारची खुर्ची ओढून त्याच्याकडे फिरवली. “त्याच्याआधी बस हितं. त्या ओस्लरचा पत्ता शोधू. असंल जिवंत तर साठीचा तरी असंल. त्याला पत्र लिहायचंय.”

“काय लिहू, ताई?”

“जे केलंस ते. चाल कुठून उचललीस, कुठं वाजवलीस, काय म्हणून खपवलीस. आणि खाली सही कर. पूर्ण नावानं.”

अजिनाथ खुर्चीवर बसला आणि लिहायला लागला.